चौकटीत कोण, चौकटीबाहेर कोण? फोटोची मांडणी आणि क्रॉपिंग : एक वर्गपाठ



आपल्या फोनची गॅलरी एकदा उघडून बघा. पोषण आहाराचे फोटो, प्रभातफेरीचे फोटो, वृक्षारोपण, व्यवस्थापन समितीची बैठक, हात धुण्याचा दिवस... "फोटो पाठवा" असा निरोप ग्रुपवर आला की आपण पटकन काढतो आणि पाठवून मोकळे होतो. वर्षाला हजारभर फोटो तरी होत असतील. पण फोटो नीट कसा काढायचा, हे ना डी.एड.ला कुणी शिकवलं, ना नंतरच्या कुठल्या प्रशिक्षणात. मी शिकलो ते माझ्याच एका चुकीतून. म्हणून पाठाच्या आधी ती चूक सांगतो.

लोहा तालुक्यातली आमची शाळा छोटी आहे. मागच्या वर्षी जानेवारीत आम्ही आनंदनगरी भरवली. मुलांनी दुकानं मांडली. कुणी भजे केले, कुणी बोरं आणली, कुणी मेथीच्या जुड्या, कुणी हरभऱ्याचे डहाळे. मी ओट्यावर उभा राहून सगळ्या दुकानांचा एक आडवा फोटो काढला. फोटो बरा आला होता. फक्त उजव्या कडेला काळी पाण्याची टाकी, विजेच्या तारा आणि कुणाची तरी मोटारसायकल आली होती. फाटकाजवळ लावायच्या फ्लेक्सवर फोटोला चौरस जागा होती. मी उजवीकडचा तुकडा कापला. टाकी गेली, तारा गेल्या, गाडी गेली. फोटो एकदम स्वच्छ दिसायला लागला. मनातून खूश झालो.

फ्लेक्स लागला त्या दिवशी चौथीतली एक मुलगी तिच्या आजीचा हात धरून फाटकाशी उभी. आजीला बोटानं एकेक दुकान दाखवत होती. शेवटी माझ्याकडं आली आणि म्हणाली, "सर, ह्याच्यात मी नाही की."

ती खरंच नव्हती. तिचं बोरांचं दुकान अगदी शेवटी, टाकीखाली होतं. मी टाकी कापली, तिच्याबरोबर तीही गेली. फोटो क्रॉप करताना मी टाकीकडं बघत होतो, मुलीकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. तिचे आईवडील तेव्हा ऊसतोडीला गेलेले होते. शाळा बुडू नये म्हणून ती आजीपाशी राहिलेली. फ्लेक्सचा फोटो काढून आईच्या फोनवर पाठवायचा, असं त्या दोघींनी ठरवलं होतं.

पुढं काय केलं ते शेवटी सांगतो. पण त्या दिवशी ठरवलं की चौकट आणि क्रॉपिंग हा पाठ मुलांना शिकवायचा, आणि त्याआधी आपण शिकायचा. चौथी-पाचवीच्या मुलांबरोबर कला, कार्यानुभव आणि गणिताच्या तासिका मिळून आम्ही हा पाठ घेतला. तसाच्या तसा खाली देतो आहे.

पाठाची उद्दिष्टे

१. फोटो म्हणजे समोरचं सगळं नव्हे, त्यातला निवडलेला भाग, हे मुलांना कळणे.
२. चौकट कुठं धरायची आणि नंतर काय कापायचं, याचा विचार करता येणे.
३. क्रॉप केल्यावर फोटोचा अर्थ कसा बदलतो, हे ओळखता येणे.
४. कुणाला कापतो आहोत, हे कापण्याआधी बघण्याची सवय लागणे.

साहित्य : जुन्या लग्नपत्रिका, कात्री, पट्टी, जुनी वर्तमानपत्रे. फोन शेवटच्या दिवशी एकच, तोही शिक्षकाचा. फोन नसला तरी पाठाचा बराचसा भाग होतो, हे पालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावं.

कृती १ : लग्नपत्रिकेची चौकट

लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चांगला जाड असतो. त्याच्या मधोमध ८ सेंमी लांब आणि ६ सेंमी रुंद असा आयत कापायचा. हेच माप का? बऱ्याच फोनचा फोटो ४:३ या प्रमाणात असतो, आणि ८:६ म्हणजे ४:३ च. गुणोत्तराचं उदाहरण इथंच होऊन जातं.

आता एक डोळा मिटायचा आणि चौकटीतून बघायचं. मी मुलांना एवढंच सांगितलं, "चौकट डोळ्याजवळ आणा, मग हात लांब करून धरा. काय फरक पडतो?" थोड्या वेळात उत्तर आलं. जवळ धरली की अख्खं मैदान दिसतं, लांब धरली की फक्त झेंड्याचा खांब. फोनमध्ये आपण दोन बोटांनी चित्र ताणून मोठं करतो तेव्हा हेच होतं. दृश्य जवळ येत नाही, आपण कमी दृश्य बघतो. काही फोनमध्ये लांबचं बघायला वेगळी लेन्स असते. ती नसेल तर ताणणं म्हणजे फोटो काढायच्या आधीच क्रॉप करणं. म्हणून पहिला नियम : बोटं ताणण्याआधी दोन पावलं पुढं चाला. पायांनी केलेल्या झूमनं फोटो पुसट होत नाही.

मग चौकट आडवी धरायची, नंतर उभी. रांगेत बसून जेवणारी मुलं आडव्या चौकटीत मावतात. लिंबाचं झाड, दोरीवर चढणारा मुलगा, शिडी यांना उभी चौकट लागते. फोन हातात सहज उभा धरला जातो म्हणून आपण सगळेच फोटो उभे काढतो, आणि मग वर आभाळ नि खाली फरशी भरपूर येते. समोरची गोष्ट आडवी आहे की उभी, हे आधी बघायचं.

कृती २ : चार कडांची फेरी

फोटो काढताना आपली नजर मधल्या माणसाच्या तोंडावर असते. कडेला काय आलंय हे बटण दाबल्यावर कळतं. डोक्यातून उगवलेला खांब, अर्धी चप्पल, मागं वाळत घातलेली कपडे, कुणाचा तरी कोपर. यासाठी मुलांना एक खेळ दिला. चौकट धरल्यावर बोलायच्या आधी नजर कडेनं फिरवायची : वर, उजवीकडं, खाली, डावीकडं. प्रदक्षिणा घालतो तशी. कडेला काय काय आलं ते मोठ्यानं सांगायचं. सांगून झालं की ठरवायचं, हे हवं की नको. नको असेल तर एक पाऊल डावीकडं सरकायचं, किंवा थोडं खाली बसायचं. अर्ध्याहून जास्त वेळा एवढ्यानंच काम भागतं आणि नंतर कापायची वेळच येत नाही.

मुलांचे फोटो काढताना गुडघ्यावर बसावं, हे मला इथंच उमगलं. उभ्यानं काढलेल्या फोटोत मुलांची डोकी आणि फरशी येते. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर गेलं की चेहरा येतो.

कृती ३ : फुली-गोळ्याची नऊ घरं

आपण फुली-गोळा खेळतो तशा दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा चौकटीवर दोऱ्यानं बांधायच्या. नऊ घरं तयार होतात. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येही 'ग्रिड' नावाच्या याच रेघा असतात, त्या चालू करून ठेवा. महत्त्वाची गोष्ट बरोबर मधल्या घरात ठेवण्यापेक्षा रेघा जिथं एकमेकींना छेदतात त्यातल्या एका जागी ठेवली तर फोटो जिवंत वाटतो. शेत आणि आभाळ असेल तर क्षितिज मधोमध न ठेवता वरच्या किंवा खालच्या रेघेवर ठेवायचं. पीक दाखवायचं असेल तर जमीन दोन हिस्से, ढग दाखवायचे असतील तर आभाळ दोन हिस्से. आपल्याकडं जूनमध्ये पावसाची वाट बघताना दुसरा, सोयाबीन डोलायला लागल्यावर पहिला!

माणूस ज्या बाजूला बघतो किंवा पळतो, त्या बाजूला जागा जास्त सोडायची. शर्यतीत पळणाऱ्या पोराच्या नाकाला चौकट लागली, तर तो भिंतीवर आदळतोय असं वाटतं.

पण हा काही पाढा नव्हे, की चुकला तर मार्क गेले. देवळाचं शिखर, परिपाठाच्या सारख्या दोन रांगा, सरळ कॅमेऱ्याकडं बघणारा चेहरा हे मधोमधच शोभतं. नियम माहीत असावा आणि तो कधी सोडायचा हेही कळावं.

कृती ४ : चौकटीतली चौकट

फोटोला कडा असतातच. त्या कडांच्या आत आणखी एक चौकट सापडली तर बघणाऱ्याची नजर आपोआप आतल्या गोष्टीवर जाते. मुलांना सांगितलं, शाळेच्या आवारात अशा चौकटी शोधून आणा. त्यांनी आणलेली यादी बघा : वर्गाचं दार, खिडकीचे गज, झोपाळ्याच्या दोन साखळ्या, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्या, लिंबाची वाकलेली फांदी, आणि एकीनं तर दोन हातांची ओंजळ करून दाखवली.

लोह्याहून कंधार जवळच आहे. तिथल्या भुईकोट किल्ल्यात सहल नेली तर दरवाजाच्या कमानीशी थांबा. बहुतेक सहलींचे फोटो कमानीपुढं सगळ्यांना उभं करून काढलेले असतात. त्याऐवजी आपण कमानीच्या आत सावलीत थांबायचं आणि मुलांना पलीकडं उजेडात उभं करायचं. काळी कमान फोटोभोवती जाड काठ बनते आणि मुलं उजळून दिसतात. एक काळजी घ्यायची. आत अंधार आणि बाहेर ऊन असताना फोन गोंधळतो, बाहेरचं पांढरं फट्ट करून टाकतो. अशा वेळी स्क्रीनवर मुलांच्या चेहऱ्यावर बोट टेकवायचं. फोन तिथला उजेड धरून फोटो घेतो.

आपल्या तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा तर चौकटींची खाणच आहे. यात्रेला मुलं घरच्यांबरोबर जातातच. यंदा त्यांना सांगितलं की लग्नपत्रिकेची चौकट खिशात घेऊन जा आणि पाच चित्रं 'बघून' या. फोटो काढायचा नाही, फक्त बघायचं, लक्षात ठेवायचं आणि वहीत रेखाटायचं. काय आणलं पोरांनी! उंटाच्या दोन पायांमधून दिसणारं दुकान. पालाच्या फटीतून चूल पेटवणारी बाई. घोड्याच्या खोगिराच्या रिकिबीतून दिसणारं पोर. भंडाऱ्यानं पिवळी झालेली पायरी आणि तिच्यावर टेकलेले दोनच हात. एवढ्या मोठ्या गर्दीत सगळं दाखवायला गेलं की काहीच दिसत नाही. चौकट लावली की एकेक गोष्ट दिसायला लागते.

कृती ५ : काटकोनाच्या दोन पट्ट्या

आता क्रॉपिंग. पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या कापायच्या, सुताराच्या गुण्यासारख्या. वर्तमानपत्रातल्या एखाद्या फोटोवर दोन्ही पट्ट्या समोरासमोर ठेवल्या की मधे आयत तयार होतो. पट्ट्या सरकवल्या की तो लहान-मोठा होतो. कात्री लावायची नाही, फक्त सरकवायचं.

एका फोटोतून तीन फोटो बनवायचे आणि प्रत्येकाला मथळा द्यायचा, असं काम गटांना दिलं. जनावरांच्या बाजाराचा एक फोटो होता : बैलजोडी, दोन व्यापारी, मागं चहाचं दुकान. पहिल्या गटानं बैलाचं तोंड आणि शिंगं ठेवली, मथळा दिला 'सर्जा'. दुसऱ्या गटानं दोघांचे हात तेवढे ठेवले. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्याची जुनी रीत आपल्याकडं बाजारात आहे, ती त्यांनी ओळखली आणि मथळा दिला 'बोलायचं नाही!' तिसऱ्या गटानं बैल, व्यापारी सगळे काढून टाकले आणि चहा पिणारा म्हातारा ठेवला, मथळा 'विकलं गेलं नाही'. फोटो तोच, पण गोष्टी तीन. म्हाताऱ्याचा बैल विकला गेला की नाही हे त्या फोटोत कुठंच नव्हतं. ते कापण्यानं तयार झालं. हे मी फळ्यावर लिहिलं : क्रॉप केल्यानं फोटो खोटा होत नाही, पण खोटं बोलायला लागू शकतो.

क्रॉप करतानाच्या काही साध्या गोष्टी मुलांच्या वहीत आहेत, आपणही उतरवून घ्या.

- आधी फोटो सरळ करा. झेंड्याचा खांब कलला असेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही.
- माणसाला सांध्यावर कापू नका. मनगट, कोपर, गुडघा, घोटा इथं कडा आली की अवयव तुटल्यासारखा दिसतो. मांडीच्या किंवा दंडाच्या मधे कापलेलं खटकत नाही.
- चेहऱ्याचा फोटो असेल तर डोळे वरच्या रेघेच्या आसपास ठेवा. डोक्यावर उगाच हातभर आभाळ ठेवू नका.
- फोटोत जे करणं चाललंय ते ठेवा. मूल लिहीत असेल तर चेहऱ्याबरोबर हात आणि वही पाहिजेच.
- मूळ फोटोवर कधीच कापू नका. त्याची प्रत काढा आणि प्रतीवर कापा. मूळ असेल तर चूक दुरुस्त होते.

कृती ६ : कापलं किती? (गणिताची तासिका)

माझ्या फोनचा फोटो ४००० ठिपके रुंद आणि ३००० ठिपके उंच असतो. गुणाकार केला की १,२०,००,००० म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. यालाच १२ मेगापिक्सेल म्हणतात. आता रुंदी निम्मी आणि उंचीही निम्मी केली तर किती राहिले? निम्मी मुलं "निम्मे" म्हणाली. २००० गुणिले १५०० म्हणजे ३०,००,०००. निम्मे नव्हे, पाव! हे कागदाला दोन घड्या घालून दाखवलं की पक्कं बसतं.

एवढे ठिपके पुरतात का? ते छपाईवर अवलंबून असतं. छापील फोटोसाठी साधारण दर इंचाला ३०० ठिपके धरतात. म्हणजे ६ बाय ४ इंचांच्या फोटोला १८०० गुणिले १२०० ठिपके लागतात. आपला पाव फोटो त्यात बसतो. त्यातून आणखी पाव कापला तर १००० गुणिले ७५०, मग छपाई फिकी पडते. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो बहुतेक वेळा आधीच आकसलेला असतो, म्हणून क्रॉप करायला तो घेऊ नये.

आणि आता माझी चूक. ४००० गुणिले ३००० चा फोटो मी फ्लेक्सच्या चौरस जागेसाठी ३००० गुणिले ३००० केला. रुंदीतले १००० ठिपके गेले, म्हणजे फोटोचा चौथा हिस्सा. मुलांनी हे गणित सोडवलं. मग मी त्यांना मूळ फोटो दाखवला आणि विचारलं, "त्या चौथ्या हिश्शात काय होतं?" ती मुलगी पुढच्याच बाकावर बसलेली होती. तिला आधीच विचारून घेतलं होतं. ती हसून म्हणाली, "टाकी, गाडी आन् मी."

क्रॉपिंगच्या दोन बाजू : तीन खऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट. जीपच्या काचेवर, टी-शर्टवर तारा लावलेल्या टोपीतल्या चे गव्हेराचा चेहरा आपण बघतो. तो फोटो अल्बर्टो कोर्दा या क्यूबाच्या छायाचित्रकारानं ५ मार्च १९६० रोजी हवाना शहरात एका शोकसभेत काढला. मूळ फोटो आडवा आहे. एका कडेला दुसऱ्या माणसाचा चेहरा आहे, दुसऱ्या कडेला पामची पानं. दोन्ही बाजू कापून तो उभा केला आणि जगभर गेला. क्रॉपिंगची ताकद दाखवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. पण वर्गात पहिला प्रश्न काय आला? "सर, मग तो दुसरा माणूस?"

दुसरी गोष्ट. फ्रान्सचे छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांना क्रॉपिंग मुळीच आवडायचं नाही. चौकट डोळ्यांनीच आणि बटण दाबतानाच ठरली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. पण त्यांचाच सगळ्यात गाजलेला फोटो, १९३२ साली पॅरिसच्या सेंट लाझार स्टेशनामागं साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, क्रॉप केलेला आहे. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून तो काढला होता आणि एका बाजूला फळी आडवी आली होती. म्हणजे कापायचंच नाही असं नाही. आडवी आलेली फळी कापायचीच असते.

तिसरी गोष्ट मी मुलांना सगळ्यात शेवटी सांगितली. जानेवारी २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोस इथं हवामान बदलावर काम करणाऱ्या पाच तरुण मुलींचा एकत्र फोटो काढला गेला. त्यात स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग होती आणि युगांडाची व्हेनेसा नकाते होती. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं जो फोटो प्रसिद्ध केला त्यात चारच मुली होत्या. कडेला उभी असलेली नकाते कापली गेली होती. पाचजणींत आफ्रिकेतली ती एकटीच आणि बाकी चौघी गोऱ्या. तिनं जाहीरपणे विचारलं, मला का काढलं? आपल्याबरोबर अख्ख्या खंडालाच पुसून टाकलं, असं तिला वाटलं. वृत्तसंस्थेकडून खुलासा आला की तिच्या मागं एक इमारत होती, ती फोटोत खटकत होती, घाईत केवळ मांडणीसाठी तो भाग कापला. नंतर संस्थेनं तिची माफी मागितली.

हा खुलासा वाचला तेव्हा मला आमच्या शाळेची पाण्याची टाकीच दिसली. मनात वाईट काही नव्हतं, हे तो छायाचित्रकार म्हणू शकतो आणि मीही म्हणू शकतो. पण कडेला कोण उभं असतं, याचा विचार करा. धीट पोरं आपसूक मधे येतात. पाहुण्यांच्या शेजारी कोण उभं राहणार हे ठरलेलं असतं. लाजरी मुलं, नवीन आलेली मुलं, गणवेश जुना असलेली मुलं कडेला सरकतात. आणि क्रॉप नेहमी कडेचाच होतो. म्हणजे न ठरवताही, दर वेळी, तीच ती मुलं कापली जाऊ शकतात. आपल्या वर्षभराच्या फोटोंमध्ये प्रत्येक मूल किती वेळा आलंय, हे एकदा हजेरीपट घेऊन मोजा. मी मोजलं. सहा मुलं एकाही फोटोत नीट दिसत नव्हती.

मग तो फोटो सुधारला कसा?

मूळ फोटो फोनमध्ये होता, हे नशीब. पुन्हा उघडला आणि या वेळी बाजूनं न कापता वरून आणि खालून कापला. ४००० गुणिले ३००० चा ४००० गुणिले २००० केला. वरची टाकी आणि तारा गेल्या, खालची मोकळी माती गेली. दुकानांची लांब रांग तेवढी राहिली, एका टोकाला भजे आणि दुसऱ्या टोकाला बोरं. खरं सांगायचं तर हा फोटो पहिल्यापेक्षा चांगला झाला. रांगेला आडवी पट्टीच शोभते, ते आधी सुचायला पाहिजे होतं. पहिल्या वेळी मी फ्लेक्सची जागा बघून फोटो कापला होता. या वेळी फोटो बघून फ्लेक्सवाल्याला जागा बदलायला सांगितली. मोटारसायकलचं अर्धं चाक कडेला राहिलंय. राहू दे.

नवीन फ्लेक्स माझ्या खर्चानं केला. एक फोटो ६ बाय ४ मध्ये छापून आजीला दिला, आणि मूळ फोटो मुलीच्या वडिलांच्या नंबरवर पाठवला. उसाच्या फडातून त्यांचा फोन आला नाही, पण संध्याकाळी त्यांच्या स्टेटसला तोच फोटो होता.

शिक्षक आणि पालकांसाठी

घरी हा पाठ घ्यायचा असेल तर एवढं करा. मुलाला फोन देण्याआधी पुठ्ठ्याची चौकट द्या. एका दिवशी एकच फोटो काढू द्या आणि तो का काढला ते विचारा. जुन्या लग्नातला एखादा मोठा फोटो घेऊन दोन काटकोनी पट्ट्या त्यावर सरकवा आणि कडेला उभ्या असलेल्या माणसांबद्दल मुलांना सांगा. आमच्या वर्गातल्या एका मुलाला त्याच्या पणजीचा चेहरा असा पहिल्यांदा दिसला. दुसऱ्याचा फोटो काढण्याआधी त्याला विचारायचं, आणि मुलांचे फोटो बाहेर कुठं टाकण्याआधी त्यांच्या पालकांना विचारायचं, हेही याच पाठात शिकवा. कधीकधी मुलालाच फोटोत यायचं नसतं. तेव्हा त्याला चौकटीबाहेर ठेवणं हीच त्याची कदर.

मूल्यमापनासाठी आम्ही लेखी परीक्षा घेतली नाही. प्रत्येक मुलानं एक फोटो क्रॉप करायचा आणि तीन प्रश्नांची उत्तरं तोंडी द्यायची :

१. काय ठेवलं आणि का?
२. काय कापलं आणि का?
३. जे कापलं त्यात कुणी माणूस होता का? त्याला चालेल का?

पहिल्या दोन प्रश्नांनी फोटो चांगला होतो. तिसरा प्रश्न मी माझ्या फोनच्या कव्हरवर आतून चिठ्ठी करून चिकटवलाय. परवा २६ जानेवारीचे फोटो पाठवायचे होते, घाई होती, एक फोटो कापायला घेतला आणि ती मुलगीच मागून म्हणाली, "सर, कडंला बघा."

बघितलं. पहिलीतला एक नवीन मुलगा होता. तो फोटो न कापता तसाच पाठवला.